चंद्रभागेच्या नावाची गाठ

१

"बघा आपा, सगळे आहेत. तोच तेवढा नाही."

अदनाननं स्टीलचा खण कपाटातून पुरता ओढून टेबलावर ठेवला. आत काड्यापेटीहून लहान असे मेणाचे ठोकळे ओळीनं उभे होते. प्रत्येकात कुणाच्या तरी आतड्यातल्या गाठीचा तुकडा जपून ठेवलेला. लॅबमध्ये त्यांना नुसतं 'ब्लॉक' म्हणत. एका ओळीतली मधलीच खाच रिकामी होती.

ॲडव्होकेट नाजनीन मुकादम यांनी खाचेकडे एकदाच पाहिलं आणि मग त्या अदनानकडेच बघत राहिल्या.

खालापूरच्या कोर्टात त्यांची हयात जमिनीच्या वाटण्या भांडण्यात गेली होती. महामार्ग सोडून आत, डोंगराच्या पायथ्याशी हे कर्करोग संशोधन केंद्र उभं राहिलं, तेव्हा त्याच्या एथिक्स कमिटीवर कायदा जाणणारं कुणीतरी हवं होतं. नव्या औषधाची माणसांवर ट्रायल घ्यायची तर त्या माणसांचं हित बघायला अशी कमिटी लागते. नाजनीननी होकार दिला, तेव्हा अधूनमधून बैठक, चहा आणि सह्या एवढंच काम असेल असं त्यांना वाटलं होतं. आज मात्र संचालकांनी स्वतः फोन करून बोलावून घेतलं होतं. पोलिसांत जाण्याआधी घरच्या घरी छडा लागला तर बरं, असा त्यांचा सूर होता.

हरवलेला ब्लॉक चंद्रभागेचा होता, आणि चंद्रभागा ही या केंद्राची शान होती. मोठ्या आतड्याचा कर्करोग, तोही यकृतापर्यंत पोचलेला. ट्रायलमध्ये दोन इम्युनोथेरपीची औषधं एकत्र दिली जात होती. बाकी रोग्यांना फारसा गुण आला नव्हता. चंद्रभागेच्या गाठी मात्र वितळल्यासारख्या नाहीशा झाल्या. म्हणूनच औषध कंपनीला तिचा ब्लॉक हवा होता. त्यातली जनुकं तिच्या रक्ताशी ताडून पाहायची आणि हा गुण कशानं आला ते शोधायचं, असा बेत होता. पार्सल निघायच्या सकाळी खण उघडला, तर ब्लॉक गायब होता.

"चावी कुणाकडे असते?"

"सोनाली मॅडमच्या टेबलात. सगळ्यांना ठाऊक आहे."

"आणि काल तू कुठे होतास?"

"रजेवर. अम्मीला बरं नव्हतं, घरीच होतो दिवसभर."

उत्तर फार चटकन आलं. नाजनीननी मान हलवली. काल दुपारी रसायनीच्या नाक्यावर, इस्त्रीच्या शर्टात, केस चापून बसवलेला अदनान त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता.

२

अदनानला बोलता करायला वेळ लागला नाही. रसायनीच्या एका कारखान्याच्या लॅबमध्ये तो नोकरीसाठी मुलाखत द्यायला गेला होता. इथे कळलं असतं तर आहे ती नोकरीही गेली असती. नाजनीननी कारखान्यात फोन लावला. तो दुपारभर तिथेच होता, असं तिथल्या माणसानं सांगितलं. पण ब्लॉक दुपारी गेला की सकाळी, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. त्यामुळे अदनान सुटलाही नाही आणि अडकलाही नाही.

मग त्या डॉ. केतन ओव्हाळांकडे गेल्या. ट्रायल त्यांची होती. चौक गावात वडिलांच्या गॅरेजमागच्या खोलीत वाढलेला हा माणूस मुंबईत शिकून, तिथलं मोठं हॉस्पिटल सोडून परत आला होता. तालुक्यात त्यांच्याबद्दल वावगं बोलणारं कुणी भेटलं नसतं.

"मला कायदा कळतो, आतडं कळत नाही," नाजनीन म्हणाल्या. "मला समजेल असं सांगा."

केतन हसले. "आपल्या शरीरातले शिपाई, म्हणजे पांढऱ्या पेशी, गाठीला शत्रू म्हणून ओळखत नाहीत. ही औषधं त्यांच्या डोळ्यांवरची पट्टी काढतात. आता गाठी दोन जातींच्या. काहींमध्ये जनुकांची दुरुस्ती करणारी यंत्रणाच मोडलेली असते, त्यामुळे त्यांचं रूप फार बिघडतं आणि शिपाई त्यांना पटकन ओळखतात. त्यांना आम्ही गरम गाठी म्हणतो. त्यांच्यावर बऱ्याचदा एकच औषध पुरतं. बाकीच्या थंड. आतड्याच्या बहुतेक गाठी थंडच असतात, आणि त्यांच्यावर इम्युनोथेरपीचं एकटं औषध चालत नाही. दोन औषधं जोडीनं दिली तर चालतील का, हे बघायची आमची ट्रायल. म्हणून आम्ही फक्त थंड गाठीवाले रोगी घेतो."

"म्हणजे चंद्रभागेची गाठ थंड."

"थंड. आणि तरी विरघळली. म्हणून तर एवढा गाजावाजा."

"गरम गाठ असते कुणाला?"

"कुणालाही होऊ शकते. पण काही घराण्यांतून ती पिढ्यान्‌पिढ्या उतरते. चंद्रभागेच्या घरात तसलं काहीच नव्हतं. आम्ही विचारलं होतं."

"बाहेरून आलेल्या ब्लॉकवर नंबर कोण चिकटवतं?"

"अपेक्षा. आमची को-ऑर्डिनेटर. रोग्यांचं सगळं तीच बघते." केतन थांबले आणि मग हळूच म्हणाले, "मॅडम, ती पोरगी फार चांगली आहे. तिला जास्त ताणू नका."

ज्याच्यावर अजून कुणी बोट ठेवलेलं नाही, त्याची बाजू कुणी घेऊ लागलं की नाजनीन सावध होत. केतन अपेक्षाला वाचवत होते, की तिच्याकडे बोट दाखवत होते?

३

सूक्ष्मदर्शकावर बसणाऱ्या डॉ. सोनाली चौबळ तुटक बोलणाऱ्या होत्या. आपल्या टेबलातली चावी चोरानं वापरली, याचा त्यांना मनस्वी राग आलेला दिसत होता.

"ही मोठी तपासणी व्हावी म्हणून कंपनीच्या मागे मीच लागले होते. अख्ख्या ट्रायलमध्ये एकटीच बरी होते, तर ती का होते हे बघायला नको?"

"तिच्या गाठीची जात तुम्हीच ठरवलीत ना?"

"हो. अदनान ब्लॉकचे पातळ काप काढून काचेवर चढवतो, रंग देतो. मी बघते. मला नाव, गाव, रोग्याचा इतिहास काहीही सांगत नाहीत. फक्त नंबर. मत पूर्वग्रहाशिवाय व्हावं म्हणून."

"त्या काचा आहेत?"

"माझ्या स्वतःच्या कपाटात. त्याची चावी माझ्या पर्समध्ये असते. पण त्या कापांवर कंपनीची मोठी तपासणी भागायची नाही."

"गाठ थंडच होती? चूक तर नव्हती?"

सोनालीबाईंनी भुवई उंचावली. "चूक नाही. काच वाचायला त्रासदायक होती, तेवढं आठवतं. शेक दिलेल्या मांसात होतं तसं झालं होतं, तंतू माजलेले, रक्तवाहिन्या जाड झालेल्या. म्हणून मी दोनदा रंगवून घेतली. दोन्ही वेळा थंडच."

नाजनीननी ते ऐकून घेतलं. 'शेक' म्हणजे रेडिएशन, हे त्यांना नात्यातल्या एका आजारपणामुळे माहीत होतं. त्यापलीकडे त्यात काही विशेष वाटलं नाही.

त्या उठून दारापर्यंत गेल्या, तेव्हा सोनालीबाई मागून म्हणाल्या, "एक गोष्ट तुम्हाला कुणी सांगणार नाही. मलाही ती कँटीनमध्ये कानावर पडली म्हणून कळली. चंद्रभागा अपेक्षाची सख्खी मावशी आहे."

४

अपेक्षा रोकडे तिशीच्या आतबाहेरची. बोलावल्याबरोबर आली आणि बसायच्या आधीच म्हणाली, "मावशीचं कळलं ना तुम्हाला?"

"तू सांगितलं नाहीस कमिटीला."

"सरांना सांगितलं होतं. ते म्हणाले, कमिटीत उगाच फाटे फुटतील, गप्प राहा. फक्त तू तिच्या कामात हात घालू नकोस, तिचं मी बघतो. म्हणून मावशीचे कागद, ब्लॉक, नंबर, सगळं सरांनीच केलं. मी मुद्दाम लांब राहिले."

नाजनीननी तिच्याकडे रोखून पाहिलं. केतन म्हणाले होते, सगळं अपेक्षाच बघते. पण हे असलं कोणीही रचून सांगू शकतं. मावशीला औषध मिळावं म्हणून भाची काय वाटेल ते करेल, हे तर उघडच होतं.

"घरात आणखी कुणाला झालंय हे दुखणं?"

"आजीला. मामाला. मामा तर ऐन उमेदीत गेला." अपेक्षा हातातल्या पेनाचं टोपण काढत-घालत होती. "मलाही भीती होती, मॅडम. मी हे थोडंफार शिकलेय. गरम गाठ असती तर आम्हा सगळ्यांची तपासणी करायला लागली असती. आई तर नावच लिहून आली होती दुर्बिणीच्या तपासणीसाठी. पण मावशीची गाठ थंड निघाली. मग मीच आईला म्हटलं, राहू दे, उगाच त्रास कशाला. भावालाही नको म्हटलं. मलाही मध्ये रक्त पडलं होतं. मूळव्याध असेल म्हणून सोडून दिलं."

खिडकीबाहेर खोपोलीच्या दिशेनं जाणारे ट्रक घाट चढण्याआधी गिअर बदलत होते. 

घरात कुणालाच नव्हतं, असं डॉक्टर म्हणत होते. आजी आणि मामा गेले, असं ही म्हणत होती. दोघांतलं एक जण खोटं बोलत होतं. आणि खरं सांगू शकणारं माणूस कर्जतच्या बाजूला राहत होतं.

५

चंद्रभागा अंगणात वालाच्या शेंगा सोलत बसली होती. भात निघालेल्या शेतात मागून वाल पेरलेला, त्याचा पहिला तोडा. चेहऱ्यावर आजाराची खूण अशी नव्हतीच. नाजनीन बसल्या, तशी तिनं सुपातल्या निम्म्या शेंगा त्यांच्यापुढे सारल्या.

"बसल्या बसल्या सोला, वकीलबाई. काय इचारायचं ते इचारा."

"शस्त्रक्रिया कुठं झाली तुमची?"

"पनवेलला. हे बघा, उजव्या कुशीला." तिनं लुगड्यावरूनच हात ठेवून दाखवलं. "मंग इथं इंजेक्शनं. दुसरं काय नाय."

"शेक घेतला होता? मशिनखाली झोपवतात तो?"

"नाय बा. तो माज्यासंगं असायचा ना काळूराम, वावोशीकडचा, त्यानं घेतलावता. पार कातडी जळाली म्हनायचा. त्याची गाठ अगदी खाली, बसायच्या जागेशी. चांगला मानूस. माज्याआधी औषध चालू झालं त्याचं, पन लागूच पडलं नाय. गेला बिचारा."

नाजनीनच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"तुमच्या आईला आणि भावाला काय झालं होतं, हे डॉक्टरांना सांगितलं होतंत?"

"सांगितलं की! मी कशाला सांगते आपनहून? त्यांनीच इचारलं. आई कितव्या वर्साला गेली, भाऊ कितव्या, मावशी हुती का, तिला काय झालं. पार खोदून खोदून. मला वाटलं, डाक्टर हाय का सोयरिकीला आलाय!" ती खळखळून हसली. मग हसू ओसरलं. "का वो? काय चुकलं का त्यांचं?"

नाजनीननी शेंग सुपात ठेवली आणि निरोप घेतला. गाडीशी येऊन त्यांनी आधी अपेक्षाला फोन लावला.

"ट्रायलमध्ये शेक घेतलेले रोगी कोण कोण होते?"

"एकच. काळूराम काका. का?"

मग त्यांनी सोनालीबाईंना फोन केला. "डॉक्टर, तुमच्या कपाटातली चंद्रभागेची काच काढा. तिला फार विचारू नका. एवढंच विचारा, ती बाईची आहे की बुवाची."

पलीकडे पर्समधल्या चाव्या वाजल्या. मग सोनालीबाईंचा आवाज आला, पहिल्यांदाच चाचरत. "अरे देवा. शेक."

६

काच मुंबईला गेली आणि उत्तर घेऊन परतली. त्या दुपारी संचालकांच्या खोलीत सगळे जमले. अदनान दाराशी उभा होता, अपेक्षा कोपऱ्यात बसली होती. केतन नेहमीसारखे शांत होते.

"काचेवरचं मांस पुरुषाचं आहे," सोनालीबाईंनी सांगितलं.

मग नाजनीननी सुरुवात केली. कोर्टात बोलावं तसा त्यांचा आवाज सपाट होता.

"चंद्रभागेच्या नावानं तपासली गेली ती गाठ काळूरामची होती. बाहेरून त्याचे ब्लॉक एकाहून जास्त आले असणार. त्यातल्या एकावर चंद्रभागेचा नंबर चढला. आता ही चूक की लबाडी? चूक असती तर ती कुणालाच माहीत नसती. आणि ज्याला माहीत नाही, तो ब्लॉक कशाला चोरेल? रक्ताशी ताडला की दोन वेगळी माणसं निघणार, हे ज्याला पक्कं ठाऊक होतं, त्यानंच तो उचलला."

अदनाननं मान खाली घातली होती. त्याच्याकडे वळून त्या म्हणाल्या, "तू नाहीस. तुझ्यापुढे येतात ते नंबर. कुठला नंबर कुणाचा, कुणाची गाठ आधीच थंड ठरलीय, हे तुला कळायला मार्ग नाही. अदलाबदल करणाऱ्याला मात्र खात्रीची थंड गाठ हवी होती, आणि काळूराम आधीच ट्रायलमध्ये होता.

"सोनालीबाई नाहीत. त्यांनी मोठी तपासणी मागितली, आणि शेकाचं त्यांनीच मला सांगितलं. स्वतःच्या गळ्याला कुणी असा फास लावत नाही.

"राहिली अपेक्षा. तिच्याकडे कारण होतं, मावशीचं. पण तिनं काय केलं? रिपोर्ट वाचून सख्ख्या आईची तपासणी रद्द करवली. स्वतःला रक्त पडत असताना दुर्लक्ष केलं. तो रिपोर्ट खोटा आहे हे माहीत असलेलं माणूस असं करेल? तिनं त्या कागदावर घरच्यांचा जीव ठेवला, कारण तिला तो खरा वाटत होता."

मग त्या केतनकडे वळल्या.

"डॉक्टर, तुम्ही मला सांगितलंत, चंद्रभागेच्या घरात कुणालाच नव्हतं. चंद्रभागा म्हणते, तुम्ही खोदून खोदून विचारलंत. ऐकलंत तेव्हाच तुम्हाला कळलं असणार, की हिची गाठ गरम आहे."

केतननी नाकारलं नाही. त्यांनी पायाशी ठेवलेली बॅग उचलली, आतल्या कप्प्यातून रुमालात गुंडाळलेला मेणाचा ठोकळा काढला आणि टेबलावर ठेवला.

"टाकून द्यायला गेलो होतो. हात धजावला नाही," ते म्हणाले. "माणसाचा शेवटचा तुकडा आहे तो." मग बॅगेची चेन लावत, "तिला एकच औषध पुरणार होतं. ते बाहेर विकत घेणं तिला कधीच परवडलं नसतं. ट्रायलमध्ये मिळत होतं, पण गरम गाठीला दार बंद. नियमाप्रमाणे मी तिला परत पाठवायचं होतं, मॅडम. मरायला. ते मला जमलं नाही."

"आणि ती बरी झाल्यावर? जोडीची कमाल आहे म्हणून सगळे टाळ्या वाजवत होते, तेव्हा?"

"तेव्हा बोलायला हवं होतं." त्यांचा आवाज खाली गेला. "एकदा बोललो नाही, मग बोलता येईना. आणि खोटं कशाला सांगू, टाळ्या आवडल्याही. पण मी कुणाचं वाईट केलं नाही. तिला जगवलं."

"जगवलंत," नाजनीन म्हणाल्या. "आणि तिच्या भाचरांचं? अपेक्षाच्या आईचं? हे दुखणं घराण्यात आहे, हे या तालुक्यात तुम्हा एकट्याला माहीत होतं. त्या घराला तुम्ही लिहून दिलंत, की निर्धास्त राहा."

केतननी अपेक्षाकडे पाहिलं. ती इतके महिने रोज समोर बसत होती. तिला रक्त पडलं होतं, हे त्यांना आज इथेच कळलं, हे त्यांच्या चेहऱ्यावरून सगळ्यांनाच दिसलं. 

अपेक्षा उठली आणि बाहेर निघून गेली.

७

ट्रायल थांबवली गेली. चंद्रभागेचा निकाल त्यातून काढून टाकला, आणि तो काढल्यावर जोडीच्या औषधाच्या बाजूनं बोलावं असं फारसं उरलं नाही. कंपनीनं आपला मोठा बेत गुंडाळला. केतन ओव्हाळांची चौकशी सुरू झाली आणि ते चौकला घरी जाऊन बसले. नाजनीननी कमिटीत एकाच मुद्द्यावर आवाज चढवला. यात चंद्रभागेचा काही दोष नाही, तिला गुण देणारं औषध चालू राहिलंच पाहिजे. ते त्यांनी मान्य करवून घेतलं.

दरम्यान त्या घरातल्या सगळ्यांची तपासणी झाली. रक्तातला दोष अपेक्षाच्या आईत निघाला, अपेक्षातही निघाला. भाऊ सुटला. आईचं आतडं स्वच्छ होतं. अपेक्षाच्या आतड्यात मात्र एक कोंब वाढत होता. दुर्बिणीतूनच तो काढला. त्याची काच सोनालीबाईंनी पाहिली आणि निरोप द्यायला स्वतः वॉर्डमध्ये आल्या. अजून कर्करोग झालेला नव्हता, पण रंगवल्यावर खूण तीच निघाली होती, गरम गाठीची. आणखी काही काळ गेला असता, तर त्यांना वेगळं बोलावं लागलं असतं.

अपेक्षा घरी आल्यावर नाजनीन तिला भेटायला गेल्या. चंद्रभागा तिथेच मुक्कामाला होती, भाचीला पेज भरवत होती. चहा झाला, इकडचं तिकडचं झालं. मग चंद्रभागेनं पदरानं हात पुसले.

"वकीलबाई, तुमी परत चौकावरनंच जानार ना?"

"हो."

"मंग मला तेवढं सोडा. डाक्टरकडं."

अपेक्षानं भांडं खाली ठेवलं. "मावशी, कशाला? काय बोलणार तू त्या माणसाशी?"

"ठावं नाय. तोंड बघीन, बसंन जरा."

"त्यानं आपल्याला फसवलं गं. मी मेले असते."

"मेली असतीस," चंद्रभागा म्हणाली. तिच्या आवाजात वाद नव्हता. "आनि त्यो नसता तर मी कवाच मेली असते. तुजं खरं हाय, बाय. तू नको येऊस. त्याला माफ पन नको करूस. पन मला जायला पायजे."

नाजनीन खुर्चीवरून उठल्या होत्या, त्या तशाच उभ्या राहिल्या. आयुष्यभर त्यांनी दोन बाजू ऐकून एकीचा खटला लढवला होता. इथे कुणाची बाजू घ्यावी, हे त्यांना कळेना, आणि कुणी त्यांना विचारतही नव्हतं.

चंद्रभागा दाराशी चपलांसाठी वाकायला गेली, तर कुशीतला व्रण ओढला गेला आणि ती थांबली. अपेक्षा भिंत धरून उठली, दारापर्यंत आली आणि मावशीच्या चपला सरळ करून तिच्या पायांशी ठेवल्या.